आमसुली की मोतिया

आई, तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारी माणसं तुमच्या खोलीच्या दारात थबकतात. हॉलमधून सरळ आत जायच्या तयारीनं येतात आणि उंबऱ्याशी त्यांचा पाय अडतो. चारही भिंती आमसुली. खिडकीतून येणारा उजेड पलंगापर्यंत कसाबसा पोचतो आणि तिथेच संपतो. मग कुणीतरी हळूच विचारतं, "हा रंग कुणी निवडला?"

"त्यांनीच," मी सांगते.

"आजारपणात?"

"नाही, आधी."

मी चहा टाकायला उठते. पण ते पूर्ण खरं नसतं, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही तो रंग निवडलात तेव्हा आजार घरात येऊन बसला होता. आपण त्याला ओळखलं नव्हतं, एवढंच.

परवा तुमच्या मॅचिंग सेंटरमधल्या एक जुन्या मैत्रीण आल्या होत्या. त्यांनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "आमसुलीच हा. उगाच कुणी चॉकलेटी म्हणेल." मला एकदम तुम्हीच बोलल्यासारखं वाटलं. लक्ष्मी रस्त्याच्या बोळातल्या त्या दुकानात तुम्ही आयुष्य उभ्याने काढलंत. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. गिऱ्हाईक पदर काउंटरवर पसरायचं आणि तुमचा हात मागच्या फळीवर नेमका त्याच रंगावर पडायचा. निळा, हिरवा असले शब्द तुम्हाला चालायचे नाहीत. "निळा म्हणजे कुठला? चिंतामणी की मोरपंखी? नीट नाव घ्या." घरातही तेच. नितीनला मात्र तुम्ही आयुष्यभर लाल, निळा आणि 'तो दुसरा' यांच्या पुढे नेऊ शकला नाहीत. आपल्याच पोटी असा मुलगा जन्मावा, याचं तुम्हाला मनापासून वाईट वाटायचं.

मी वर्ध्याहून लग्न होऊन बिबवेवाडीत आले, तेव्हा तुम्ही मला नीट निरखून घेतलंत, कापड बघावं तसं. तुम्ही सदाशिव पेठेतल्या. स्वारगेट ओलांडलं की तुमच्या मते पुणं संपायचं, त्यामुळे बिबवेवाडीत इतकी वर्षं राहूनही तुम्ही 'गावात जाऊन येते' असंच म्हणायचात. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर माझ्या आईला म्हणाले, "स्वयंपाक करून राहिले." तुम्ही आतून म्हणालात, "राहा हो. घाई नाही." मी रात्रभर तो टोमणा चघळत बसले. नंतर कळलं, तुमचं प्रेमसुद्धा त्याच भाषेत यायचं. ते ओळखायला मला वेळ लागला.

माझ्या आईची एक अबोली साडी मी बरोबर आणली होती. धुऊन धुऊन तिचा रंग उतरला होता आणि तिच्यावरचा ब्लाउज विरला होता. नवं कापड त्या विटलेल्या रंगाला जुळेना. मी साडी घडी घालून कपाटात तळाशी ठेवून दिली, कुणाला काही बोलले नाही. एक दिवस तुम्ही दुकानातून आलात, पिशवीतून ब्लाउजपीस काढून ओट्यावर ठेवलात आणि म्हणालात, "चहाच्या पाण्यात बुडवून घेतलाय. आता जुळेल." जुळला. मी काही बोलायच्या आत तुम्ही पाय धुवायला निघून गेला होतात. त्या दिवसापासून तुमच्याशी भांडायला मी घाबरले नाही.

आणि आपण भांडलो भरपूर. गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा हॉल आणि स्वयंपाकघर बदामी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग तुमच्या खोलीचा विषय निघाला.

"मला आमसुली हवा," तुम्ही म्हणालात.

"एक भिंत?"

"चारही. छत पांढरं राहू दे. मी काही गुहेत राहायला चालले नाही."

मी म्हटलं, मोतिया घेऊ. खोली मोठी दिसेल, प्रसन्न वाटेल. आधीच ती जिन्याच्या बाजूची, कोंदट. आमसुलीनं तर दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल. तुम्ही शेड कार्ड बंद केलंत. "प्रसन्न वाटायला मी काय दवाखाना काढतेय? मला उजेड टोचतो हल्ली."

हे शेवटचं वाक्य तुम्ही उठता उठता म्हणालात. नितीननं डोळे तपासून घेऊ म्हटलं. तुम्ही तपासून आला होतात, आम्हाला न सांगता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. डोकं दुखतं का, असं मी विचारलं. "तुमच्याशी बोलताना दुखतं," असं उत्तर आलं. विषय संपला.

नितीननं तोडगा काढला, दोन्ही रंग भिंतीवर लावून बघू. विलास नावाचा रंगारी होता, कात्रजच्या पलीकडच्या गावातला. त्यानं दारासमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन काढले. वर्तमानपत्राच्या पानाएवढे. डावीकडे माझा मोतिया, उजवीकडे तुमचा आमसुली. ओला रंग बघून काही ठरवू नका, असं तुम्हीच बजावलं होतं, म्हणून तो वाळू दिला. दुपारचं ऊन खिडकीत आल्यावर तुम्हाला बोलावलं.

तुम्ही भिंतीसमोर उभ्या राहिलात. हात मागे बांधलेले. बराच वेळ बघितलंत. दुकानात बघायचात तसं, मान किंचित कलती करून. मग म्हणालात, "हा घ्या."

"उजवीकडचा का डावीकडचा हाय, ताई?" विलासनं विचारलं.

"एकच तर लावलाय. उजवा-डावा कसला?"

विलास हसला. नितीन तर खो खो हसला. मी विचारलं, "आणि माझा रंग?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. चेहऱ्यावर काही नाही. "तुझा कुठाय? लावलाच नाहीस. म्हटलं, शहाणपण सुचलं."

पुन्हा हशा झाला. मला राग आला, मी चहाच्या निमित्तानं आत गेले. ते वाक्य तुमच्या तोंडी इतकं शोभून दिसलं की कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. थोड्या वेळानं तुम्ही स्वयंपाकघरात आलात. आवाज खाली आणून म्हणालात, "तू खरंच लावून घ्यायचा होतास गं. मी बघितला असता."

मी कपबश्या मांडत राहिले. एकाच टोमण्याचा दुसरा वार, असं मला वाटलं. आज ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं. तुम्ही इतकं सरळ माझ्याशी क्वचितच बोलला होतात.

विलासनं दोन हात मारले. आमसुली वाळल्यावरही ओलाच दिसत होता. ट्यूबलाइट तीच, पण लहान झाल्यासारखी वाटायला लागली. जाताना विलास पायऱ्यांवर ब्रश पुसत मला म्हणाला, "लई उजेड खातोय हा रंग, वहिनी. अजून बी विचार करा." तुम्ही मात्र पलंगावर बसून समाधानानं भिंतीकडे बघत होतात. "आता डोळ्यांना बरं वाटतं," म्हणालात.

मग एकेक गोष्ट घडायला लागली. तुमच्या डाव्या दंडावर काळानिळा डाग दिसला. "दार सरकलंय," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या आठवड्यात तसाच डाग खांद्यावर. केस विंचरून यायचात ते उजवीकडे तेल लावून चापून बसवलेले आणि डावीकडे झोपेतून उठल्यासारखे. मी हात लावायला गेले तर तुम्ही झटकलात. शब्दकोडं सोडवायचात, त्यातले उजवीकडचे रकाने भरलेले आणि डावीकडचे कोरे राहायला लागले. "हल्ली कोडीच धड नसतात, अर्धी शोधसूत्रं छापत नाहीत," अशी तुमची तक्रार. पेपरवाल्यालाही तुम्ही ती ऐकवलीत. तो बिचारा हो म्हणून गेला.

प्रत्येक गोष्टीला कारण मिळत होतं. वय झालंय, दिवाळीची दगदग आहे, स्वभावच तसा आहे. तुमचा स्वभाव आम्हाला फार उपयोगी पडला, आई. काहीही झालं की त्याच्यावर ढकलता यायचं.

ताटात तुम्ही चटणी टाकायला लागलात. मी जवसाची चटणी करायचे, वर्ध्याची. ती तुम्हाला कधीच आवडली नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नंतर कोशिंबीरही राहायला लागली. ती तुम्हाला आवडायची. डावी बाजू तशीच आणि उजवीकडची भाजी, आमटी वाटी पुसल्यासारखी स्वच्छ. एका दुपारी आपण दोघीच जेवत होतो. तुम्ही वरणभात कालवलात आणि लिंबू पिळलं नाहीत. तुम्ही, लिंबाशिवाय वरणभात न खाणाऱ्या.

"लिंबू नको का?" मी विचारलं.

"वाढलंस कुठं?"

लिंबाची फोड ताटात होती. मिठाशेजारी, डावीकडे. तुमच्या बोटांपासून चार अंगुळांवर. मी हात पुढे केला आणि तुमचं ताट फिरवलं. अर्धा फेरा. लिंबू, मीठ, चटणी, कोशिंबीर उजवीकडे आली.

तुम्ही खाली बघितलंत. "आत्ता वाढतेस होय? जेवण संपत आल्यावर?" असं म्हणून शांतपणे लिंबू पिळलंत आणि कोशिंबीर खायला लागलात.

तुम्ही जेवत होतात आणि मला तुमच्या पाठीमागे, उघड्या दारातून ती आमसुली भिंत दिसत होती. तुम्ही टोमणा मारला नव्हतात. तुम्हाला माझा रंग दिसलाच नव्हता.

त्यानंतरचं सगळं फार भराभर झालं. मेंदूच्या डॉक्टरांनी डोळ्यांना काहीच झालेलं नाही, असं सांगून सुरुवात केली. मग एका कागदावर आडवी रेघ मारून तुमच्यापुढे ठेवली. "आजी, या रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करा." तुम्ही पेन घेतलंत. "आयुष्यभर कापड मधोमध दुमडून कापलंय मी," असं म्हणालात आणि खूण केलीत. खूण उजव्या टोकाजवळ होती. डॉक्टरांनी विचारलं, नक्की? तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की त्यांनी कागद परत घेतला. नितीननं माझा हात धरला. त्याला त्या क्षणी कळलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. वाढत होती. तिच्यामुळे तुमच्या मनातून जगाची डावी बाजू गळत चालली होती. ऑपरेशन केलं तर थोडे महिने मिळतील, कदाचित. त्यात बोलणं जाऊ शकतं, डावं अंग जाऊ शकतं. डॉक्टर हे बाहेर आम्हाला सांगत होते आणि काचेच्या दारापलीकडे तुम्ही पर्स मांडीवर घेऊन ताठ बसला होतात.

"आईला यातलं काही सांगायचं नाही," नितीन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि तुम्ही मला हाक मारलीत. "बस. त्याला विचारलं तर तो रडेल. तू सांग."

मी सांगितलं. सगळं. माझं झाल्यावर म्हणालात, "मग त्या दिवशी तू रंग लावून घेतला होतास?"

"हो, आई. डावीकडे होता."

"म्हणजे मी न बघताच निकाल दिला." गाठ, महिने, ऑपरेशन यांतलं काहीच तुम्हाला तेव्हा लागलं नव्हतं. हे लागलं. तुम्ही बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलात. मग म्हणालात, "दाखव."

भिंतीवरचा मोतिया केव्हाच झाकला गेला होता. मी माळ्यावरून सॅम्पलची डबी काढली. झाकणावर रंगाचा थर वाळला होता. ते झाकण मी तुमच्यासमोर उजवीकडे धरलं. तुम्ही निरखलंत. "मोतियाच आहे. जरा पिवळट झालाय. चांगला मोतिया थंडातला असतो, निळसर झाकेचा." मग म्हणालात, "आता सरकव."

मी झाकण हळूहळू डावीकडे नेलं. तुम्ही नजर समोर ठेवली होतीत. नाकासमोरून थोडं पुढे गेलं असेल.

"गेला," तुम्ही म्हणालात.

मी थांबले.

"पुन्हा."

पुन्हा उजवीकडून आणलं. पुन्हा त्याच जागी तुम्ही म्हणालात, "गेला." असं किती वेळा केलं, मला आठवत नाही. शेवटी तुम्ही उजवा हात उचलून हवेत एक जागा दाखवलीत, जिथं तुमचं जग संपत होतं. कापडाची कड चाचपावी तशी बोटं हलवलीत. "काळं नाही गं तिकडे," म्हणालात. "काळं असतं तर कळलं असतं. काहीच नाहीये." तुमचा आवाज स्थिर होता. मी झाकण डबीवर परत दाबून बसवलं.

खोलीला पुन्हा रंग देऊया, असं मी त्याच दिवशी म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात. कापड कापल्यावर आम्ही परत घेत नव्हतो, म्हणालात. शिवाय उजेड खरंच टोचत होता.

ऑपरेशनवरून मात्र आपण कडाक्याचं भांडलो. तुम्हाला ते नको होतं. मला हवं होतं. "थोडे महिने मिळतील," मी म्हणायचे. "कसले? तोंड बंद करून पडून राहायचे? मला बोलता आलं नाही तर उरतं काय?" तुम्ही म्हणायचात. नितीन आपल्या दोघींच्या मध्ये बसून जमिनीकडे बघायचा. तुम्ही जिंकलात. जिंकलात असं तरी कसं म्हणू? तुमचं बरोबर होतं की माझं, हे आता कळायचा मार्ग नाही. भाजी चिरताना मी अजून नवे नवे मुद्दे काढते आणि तुमच्या जागी कुणी नसतं.

हिवाळ्यात ती कड सरकत गेली. आम्ही पलंग फिरवला, दार तुमच्या उजव्या हाताला येईल असा. तरी कुणी चुकून खिडकीच्या बाजूनं आलं तर तुम्ही दचकायचात, कारण तुमच्या दृष्टीनं तो माणूस एकदम हवेतून उगवायचा. शेजारच्या काकू एकदा अशाच आल्या आणि तुम्ही ओरडलात. त्या नंतर दारातूनच विचारपूस करायला लागल्या. डावा हात तुमच्या मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा पडलेला असायचा.

रोज शाळेतून आले की मी तुमच्याजवळ बसायचे आणि तुम्ही विचारायचात, "डावीकडे काय आहे?" मी सांगायचे. खिडकी आहे. टेबल आहे, त्यावर तांब्या-भांडं. खिडकीबाहेर समोरच्या सोसायटीची टाकी, तिच्यावर पारवे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. पारव्यांचा रंग विचारायचात. मी करडा म्हटलं की नाराज व्हायचात, "करडा म्हणजे कुठला?" शाळेत मुलांना नकाशावरचे देश शिकवणारी मी, तुम्हाला खोलीची अर्धी बाजू शिकवत होते. आणि ती रोज थोडी थोडी वाढत होती. आधी खिडकी गेली होती, मग टेबल गेलं, मग पलंगाची ती कड.

एका संध्याकाळी मी असंच सांगत होते आणि तुम्ही मला थांबवलंत.

"तिकडे कुणीतरी आहे."

"कोण, आई?"

"मला दिसत नाही म्हणून तर तुला विचारतेय."

मी वळून बघितलं. आमसुली भिंत होती. खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि भिंत कुठं सुरू होते, ते मलाही नीट दिसत नव्हतं. "कुणी नाही," मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, लहान मुलाची समजूत घालावी तशी. "असू दे," म्हणालात. "काही करत नाहीये." त्यानंतर मी त्या बाजूला पाठ करून कधी बसले नाही.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट.

शेवटच्या आठवड्यातली दुपार होती. तुम्ही जास्त वेळ झोपेतच असायचात. मी तुमच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून तुमच्या डाव्या हाताची बोटं चोळत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. तुम्हाला ते जाणवत नव्हतं. नितीन लवकर घरी आला आणि उजवीकडे पलंगावर बसला. तुम्ही डोळे उघडलेत.

"वैशाली कुठाय?"

नितीननं माझ्याकडे बघितलं. मी तिथेच आहे, असं तो सांगणार होता. पण तुम्ही त्याच्या आधी बोलायला लागलात.

"ती यायच्या आत ऐक. मी गेल्यावर ही खोली मोतिया करून घे. थंडातला, पिवळट नको. नीट लक्षात ठेव, मो-ति-या. दुकानात क्रीम म्हणून काहीतरी गळ्यात मारतील."

"बरं."

"मी सांगितलं म्हणून तिला सांगू नकोस. तुला सुचलं म्हण."

"का?"

तुम्हाला दम लागला होता. थांबलात. "ती घाबरते या खोलीला. रंग लागला त्या दिवसापासून घाबरते. तरी रोज येऊन बसते. मी बदलून घेऊ शकले असते. पण मला उजेड सोसत नाही रे." मग थोड्या वेळानं, "आणि तिच्यासमोर हरायचं म्हणजे फार झालं."

नितीनचे डोळे भरले होते. तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं. तुमचा हात माझ्या हातात होता. मी जरा जरी हुंदका दिला असता तरी तुम्ही ऐकलं असतं. कान तुमचे शेवटपर्यंत तयार होते. मी श्वास रोखून बसले, तुम्हाला पुन्हा झोप लागेपर्यंत. मग उठले, बाहेर गेले, दाराचा आवाज केला आणि उजवीकडून आत आले.

मी तिथेच होते, आई. एवढं सांगायचं राहिलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही हरला असतात आणि ते मला नको होतं.

काल नितीन रंगाचा डबा घेऊन आला. विलासला फोनही करून ठेवलाय त्यानं. आम्ही दोघं त्या दुपारबद्दल एकदाही बोललेलो नाही. तो खाली बघत, पाठ केल्यासारखं म्हणाला, "मला सुचलं, आईच्या खोलीला दुसरा रंग देऊ." मी विचारलं, कुठला. त्यानं तो शब्द तुम्ही शिकवला होता तसा, तुकडे पाडून म्हटला. मी म्हटलं, छान सुचलं. तुमचा शब्द आम्ही दोघांनी असा पाळला, एकमेकांसमोर उभे राहून.

विलास सोमवारी येणार आहे. तोवर मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसते. आता रंगासाठी पलंग हलवलाय, टेबल हलवलंय, खोलीत आता काही नाही. अंधार व्हायला लागला की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि मला अजूनही भीती वाटते. ही भीती मी नितीनला सांगितली नव्हती, माझ्या आईला सांगितली नव्हती, चेहऱ्यावर कधी येऊ दिली नव्हती. तुमची अर्धी दुनिया गेली होती आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही माझ्याकडे इतकं नीट कधी बघितलंत, हे मला विचारायचं होतं.